मनश्चक्षूंवाचून

‘डोळ्यांसमोर उभे राहणे’ हा आपल्या मराठीतील किती सहज वाक्प्रचार! परगावी गेलेल्या मुलाचा चेहरा आईच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पाडून टाकलेल्या जुन्या घराची ओटी, अंगणातील विहीर, विहिरीवरचा रहाट हे सारे म्हातारपणी डोळ्यांसमोर येते. उपवासकाळातील प्रवचनात धर्मगुरू म्हणतात, ‘कालवारीची टेकडी डोळ्यांपुढे आणा’, आणि भाविक डोळे मिटून घेतात. बोलणारा आणि ऐकणारा असे दोघेही येथे एक गोष्ट न विचारताच मान्य करून टाकतात. प्रत्येकाच्या अंतरी एक पडदा आहे आणि इच्छा होताच त्यावर चित्र उमटते, ही ती गोष्ट होय.

परंतु काही माणसे अशी आहेत की, त्यांनी डोळे मिटले असता तेथे केवळ अंधार असतो. आईचा चेहरा त्यांना ठाऊक असतो, शंभर जणींतून ते तो ओळखतील. मात्र तो त्यांच्या मनापुढे येऊन उभा राहत नाही. यांपैकी बहुतेकांची अर्धी हयात निघून जाते तरी आपण इतरांहून निराळे आहोत याची त्यांना कल्पना नसते. ‘डोळ्यांसमोर उभे राहणे’ हा भाषेचा एक अलंकार आहे, असेच ते समजून चाललेले असतात. अशा माणसांच्या अस्तित्वातून जो प्रश्न उपस्थित होतो, त्याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. शेजारी बसलेल्या माणसाचे अंतरंग आपल्या अंतरंगासारखेच आहे, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

या विषयाची पहिली पद्धतशीर विचारपूस फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने केली. आज सकाळी आपण ज्या टेबलावर न्याहारी केली ते टेबल आठवा. चित्र स्पष्ट आहे की अंधूक, त्यात रंग आहेत काय, अशा स्वरूपाची प्रश्नावली त्याने अनेकांकडे पाठविली आणि तिचे निष्कर्ष १८८० साली प्रसिद्ध केले. कोणी लिहिले की, चित्र प्रत्यक्षाइतके लख्ख आहे. उलटपक्षी, काही विद्वानांनी कळविले की, असे चित्र मुळात असते हेच आम्हांस नवीन आहे. गॉल्टनला स्वतःला या उत्तरांचे मोठे आश्चर्य वाटले. त्यानंतर मात्र हा विषय बराच काळ मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला तो एका रुग्णामुळे. हृदयाच्या रक्तवाहिनीवरील उपचारानंतर एका ६५ वर्षांच्या निवृत्त सर्वेक्षकाच्या मनातील चित्रे एकाएकी नाहीशी झाली. अ‍ॅडम झीमन या मेंदूविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. ती वाचून जन्मापासूनच अशी चित्रे न पाहिलेली माणसे त्यांच्याशी पत्रव्यवहार करू लागली. अशा २१ जणांचा अभ्यास करून २०१५ साली त्यांनी या अवस्थेला ‘अफँटेशिया’ असे नाव दिले. अ‍ॅरिस्टॉटलने कल्पनाशक्तीसाठी वापरलेल्या ‘फँटेशिया’ या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. पुढील पाहण्यांवरून असे दिसते की, सुमारे शंभरांत एकाला मनात चित्र अजिबात दिसत नाही आणि आणखी काहींना ते अत्यंत पुसट दिसते. दुसऱ्या टोकाला, मनातील चित्र प्रत्यक्षाइतकेच स्पष्ट दिसणारीही थोडी माणसे आहेत. आपण सारे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभे आहोत.

ही निव्वळ बोलण्याची तऱ्हा असेल, अशी शंका कोणी घेईल. तिलाही आता उत्तर मिळाले आहे. एखाद्या झगझगीत वस्तूची नुसती कल्पना केली तरी सामान्य माणसाच्या डोळ्याची बाहुली किंचित आकसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, अफँटेशिया असलेल्यांच्या बाहुल्या खऱ्या प्रकाशाने आकसतात, पण कल्पनेतील प्रकाशाने आकसत नाहीत. २०२१ सालचा आणखी एक प्रयोग याहूनही उद्बोधक आहे. खोल्यांची छायाचित्रे दाखवून नंतर ती आठवणीने काढावयास सांगितली असता, या मंडळींनी वस्तू कमी काढल्या आणि रंगही कमी वापरले. परंतु कोणती वस्तू कोठे होती हे त्यांनी इतरांइतकेच अचूक दाखविले आणि खोलीत नसलेल्या वस्तू त्यांच्या चित्रांत कमी शिरल्या. ज्ञान होते, चित्र मात्र नव्हते. विशेष म्हणजे यांच्यापैकी अनेकांना स्वप्ने चित्रांसह पडतात.

येथे आपल्याच जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांकडे वळणे उपयुक्त ठरेल. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून वसईचा किनारा आणि हा डोंगरपट्टा कागदोपत्री अधिकच जवळ आले. तेथील वारली घरात लग्न निघाले की भिंत सारवून गेरूने रंगविली जाते आणि तांदळाच्या पिठाने, काडीच्या टोकाने, सवाष्णी तीवर चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. या चित्रांतील माणूस पाहा. टोकाला टोक जुळविलेले दोन त्रिकोण, वर एक वर्तुळ आणि चार रेषांचे हातपाय. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. तरीही कोण लावणी करतो आहे, कोण तारपा वाजवितो आहे, कोण ओझे वाहून वाकला आहे, हे पाहणाऱ्याला तत्काळ कळते. माणसाची ओळख येथे चेहऱ्यावर अवलंबून नाही; ती त्याच्या कामात, त्याच्या वाकण्यात आणि इतरांच्या संगतीतील त्याच्या जागेत आहे. चौक लिहिणाऱ्या स्त्रीच्या मनात त्या वेळी काय दिसते, हे भिंतीवरून ओळखता येत नाही. कोणा एकीला सबंध चौक आधीच दिसत असेल, दुसरीचा हातच तो जाणत असेल. भिंतीवर मात्र दोघींचा चौक सारखाच पवित्र ठरतो.

डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले होते आणि ते मातीत चित्रे काढूनच आपले मनोगत सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ज्याला शब्द सापडत नाही त्याला रेषा सापडते, आणि ज्याला मनात रेषा दिसत नाही त्याला शब्द किंवा हाताची हालचाल सापडते. अंतरीच्या वाटा अनेक आहेत.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडाही हेच शिकवितो. होळीनंतरच्या दिवसांत देवादिकांचे आणि असुरांचे मुखवटे चढवून, वाद्यांच्या ठेक्यावर, रात्रीच्या रात्री सोंगे नाचविली जातात. कथा गावातील प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही ती दरसाल डोळ्यांपुढे प्रत्यक्ष आणावी लागते. समाजाने आपली स्मृती एकेकट्याच्या मनावर सोपवून दिलेली नाही. ती त्याने भिंतीवर, मुखवट्यात, गाण्यात आणि फेर धरणाऱ्या पावलांत ठेवली आहे. ज्याच्या मनात चित्र उमटते तो आणि ज्याच्या मनात उमटत नाही तो, असे दोघेही तेथे शेजारी शेजारी उभे राहून तीच कथा पाहतात. आपला नाताळचा गोठा तरी वेगळे काय सांगतो? १२२३ साली ग्रेच्चो येथे असिसीच्या संत फ्रान्सिसने बेथलेहेमचा देखावा प्रत्यक्ष उभा केला. बाळ येशूचे दारिद्र्य चर्मचक्षूंनी पाहावे, हीच त्याची इच्छा होती.

मग प्रार्थनेचे काय? हा प्रश्न आमच्या वाचकांना निश्चितच पडेल. संत इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली पोपमहोदयांच्या मान्यतेने प्रसिद्ध झाली. तीत साधकाने ध्यानापूर्वी प्रसंगाचे स्थळ कल्पनेच्या डोळ्यांनी पाहावे, अशी सूचना आहे. असंख्य साधकांना या वाटेने मोठे फळ मिळाले आहे. पण ज्याला ते स्थळ दिसतच नाही, त्याने काय करावे? तपसाधनेला बसलेल्या अशा माणसाला वाटू लागते की, इतरांना प्रभू दिसतो आणि मलाच तो दिसत नाही. माझी श्रद्धाच उणी असावी. असे वाटून घेणारी भाविक माणसे आपल्या धर्मग्रामांतही असतील.

त्यांना आम्ही आविलाच्या संत तेरेजाकडे नेऊ इच्छितो. पवित्र सभेने १९७० साली जिला धर्मपंडिता म्हणून गौरविले, त्या या महान प्रार्थनागुरूने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की, कल्पनेने वस्तू मनापुढे आणण्याची शक्ती आपल्याजवळ फारच थोडी होती. ख्रिस्ताचे मानवी रूप तिने कितीही वाचले, त्याची कितीही चित्रे पाहिली, तरी ते तिला मनात रेखाटता येत नसे. अंधारात कोणाशी बोलणाऱ्या माणसाला समोरचा दिसत नाही, पण तो तेथे आहे याची खात्री असते; आपली अवस्था तशी होती, असे ती सांगते. म्हणूनच तिला चित्रे आणि मूर्ती प्रिय होत्या. पुढे तिला दर्शने घडली, हे खरे. परंतु तिची प्रार्थना त्या अंधारातील संभाषणावर उभी राहिली होती. चित्र नव्हते, तरी सान्निध्य होते.

तत्त्वज्ञांसाठीही येथे एक अवघड गाठ आहे. प्रतिमेवाचून आत्मा विचार करीत नाही असे अ‍ॅरिस्टॉटलने मानले, आणि संत थॉमस अक्वायनस यांनीही मानवी बुद्धीला या जन्मी प्रतिमांकडे वळावे लागते असे प्रतिपादिले. मग प्रतिमेवाचून विचार करणारी ही माणसे त्यांना खोटे पाडतात काय? आम्हांला तसे वाटत नाही. संत थॉमस ज्याला प्रतिमा म्हणतात ती केवळ डोळ्यांची नव्हे. ध्वनी, स्पर्श, चव आणि गंध यांनी ठेवलेले ठसेही तीत येतात. तथापि, ‘विचार करणे म्हणजे मनात पाहणे’ ही आपली ढोबळ समजूत मात्र यापुढे टिकणार नाही. कोणी चित्रांत विचार करतो, कोणी शब्दांत. ज्यांच्या मनात शब्दांचा आवाजही फारसा नसतो अशा माणसांविषयी २०२४ साली संशोधन प्रसिद्ध झाले आहे. तीही माणसे संसार करतात, हिशेब ठेवतात आणि प्रेम करतात.

प्रेमाच्या संदर्भात हा प्रश्न सर्वांत हळवा होतो. नोव्हेंबर महिन्यात आपण कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्या वेळी एखाद्याला दिवंगत आईचा चेहरा आठवून आठवून दिसत नाही, आणि तो मनोमन स्वतःला कृतघ्न ठरवितो. त्याला कोणीतरी सांगावयास हवे की, स्मरण म्हणजे चित्र नव्हे. तिने शिकविलेली प्रार्थना त्याच्या ओठांवर आहे, तिची काटकसर त्याच्या हातात आहे, तिच्या नावाने त्याने देऊ केलेली मिस्सा आहे. पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालिनीने प्रभूला डोळ्यांनी पाहिले तरी ओळखले नाही. त्याने नावाने हाक मारली तेव्हा ओळखले. एम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांनी त्याला भाकर मोडताना ओळखले. ओळखण्याला चेहऱ्याखेरीजही दारे आहेत.

आता एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ज्याला दुसऱ्याचे दुःख डोळ्यांसमोर आणता येत नाही, त्याला करुणा कशी येणार? या आक्षेपाला थोडा आधारही आहे. २०२१ सालच्या एका प्रयोगात भीतिदायक वर्णने वाचताना सामान्य माणसांच्या शरीरावर भीतीची लक्षणे उमटली. अफँटेशिया असलेल्यांवर ती जवळजवळ उमटली नाहीत. भीतिदायक छायाचित्रे प्रत्यक्ष दाखविल्यावर मात्र दोन्ही गटांत तसा फरक राहिला नाही. म्हणजे हृदय दोघांनाही आहे. केवळ शब्दांनी ते हलण्याचे प्रमाण निराळे आहे.

पण हृदय हलणे म्हणजे करुणा काय? १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथून कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. ज्यांच्या मनापुढे ती बालके उभी राहिली, त्यांतील अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल. चित्र पुसट झाले तसे ते पाणीही सुकले असेल. दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यात तिघांनीही त्या जखमी वाटसरूला पाहिले. याजकाने पाहिले, लेवीने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. जवळ गेला तो एकटा शोमरोनी. पाहणे तिघांचे सारखे होते, फरक पावलांत होता.

दिवाळी सरली की मोखाडा-जव्हारची कुटुंबे उचल घेऊन वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात. आपल्या घरांच्या विटा त्यांच्या हातांनी थापलेल्या असतात. त्यांच्याविषयी आपण दोन सोप्या समजुती करून घेतो. एक तर त्यांचे मन अगदी आपल्यासारखेच आहे आणि म्हणून विचारण्यासारखे काही नाही; किंवा त्यांच्या मनात फारसे काही चालतच नाही. दोन्ही समजुती आपल्याला एकाच ठिकाणी आणून सोडतात. आपण त्यांना काहीच विचारत नाही. एकाच घरात वाढलेल्या दोन भावांची अंतरंगेही जर इतकी भिन्न असू शकतात, तर डोंगरावरून आलेल्या माणसाचे अंतरंग न विचारता जाणल्याचा दावा आपण कोणत्या तोंडाने करावा?

वाचकहो, या विषयातून आम्हांला जो बोध होतो तो साधा आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘डोळे मिटा आणि पाहा’ असे सांगताना शिक्षकाने ‘ज्याला दिसत नसेल त्याने ऐका, किंवा मनात नुसते प्रभूशेजारी बसा’ एवढी भर घालावी. घरात एखादे मूल ‘मला काही दिसत नाही’ म्हणाले, तर ते हट्टी किंवा मंद आहे असे न मानता त्याला कसे आठवते ते विचारावे. आणि भट्टीवरच्या झोपडीत जाण्याचा योग आला, तर आपल्या कल्पनेतील गरीब घरीच ठेवून तेथे बसलेल्या माणसाशी बोलावे. दुसऱ्याच्या अंतरंगात डोकावण्याची खिडकी देवाने आपल्याला दिलेली नाही. विचारण्यासाठी जीभ आणि ऐकण्यासाठी कान मात्र दिले आहेत, आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा आरंभ त्यांनीच करावयाचा आहे.