कंसातील नोंद

आपल्या महसुली दप्तरात एक शहाणपणाचा रिवाज आहे. जमिनीचा धारक बदलला म्हणजे सातबाऱ्यावरचे जुने नाव खरवडून काढीत नाहीत. त्याला कंस करतात, नवे नाव लिहितात आणि फेरफाराचा क्रमांक घालतात, म्हणजे हक्क कोणाकडून कोणाकडे गेला हे पुढे वाचणाराला उमगते. विचारांच्या दप्तरात मात्र ही सचोटी विरळा. जुने मत ग्रंथकार एक तर हट्टाने राखतो, नाही तर नव्या आवृत्तीत गुपचूप गाळतो. या दोन्ही वाटा सोडून कंसाची वाट धरणाऱ्या म्हणून अमेरिकन कादंबरीकार उर्सुला ले गुइन मला मोलाच्या वाटतात.

१९२९ साली बर्कली येथे जन्मलेल्या ले गुइन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ होते. आपण ज्याला निसर्गाचा कायदा समजतो तो पुष्कळदा केवळ आपल्या गावचा रिवाज असतो, हा त्या शास्त्राचा धडा. त्याची कसोटी पाहण्यासाठीच जणू १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये त्यांनी गेथेन नामक हिमग्रह कल्पिला. तेथील माणसे एरवी ना पुरुष ना स्त्री. महिन्यातील मोजके दिवस ती त्यांपैकी एक रूप धारण करतात, आणि जी व्यक्ती एकाची माता तीच दुसऱ्याचा पिता असू शकते. परंतु एवढे सारे कल्पूनही लेखिकेने सर्वांस सर्वनाम दिले ते ‘तो’ हेच. वाचकाच्या डोळ्यांपुढे मग पुरुषच उभे राहतात, हा आक्षेप रास्त होता. मराठीत तर ही अडचण दुणावते: आपले क्रियापद ‘आला’ की ‘आली’ हे सांगितल्यावाचून उंबरठा ओलांडीत नाही, आणि ‘आले’ म्हणावे तर प्रौढ माणूस लेकराच्या पंक्तीस बसतो.

१९७५ साली त्याच ग्रहावरची एक जुनी कथा संग्रहात घेताना ‘राजा’ ही पदवी कायम ठेवून त्यांनी सर्वनाम ‘ती’ केले. तरीही १९७६ च्या निबंधात त्यांनी कादंबरीतल्या ‘तो’चे समर्थनच केले. पुढे १९८९ च्या निबंधसंग्रहात तो निबंध पुन्हा छापताना मूळ मजकूर अक्षरशः तसाच ठेवून त्याच्या शेजारी स्वतःचेच प्रतिकूल शेरे त्यांनी नोंदवले. पुल्लिंगी सर्वनाम सर्वसमावेशक असते हा आपला दावा टिकत नाही, अशी कबुली त्यांत आहे.

हीच रीत त्यांच्या ‘अर्थसी’ या कादंबरीमालेच्या द्वीपसमूहात अधिक सखोल झाली. १९६८ च्या पहिल्या कादंबरीत रोक बेटावरची मंत्रविद्येची पाठशाळा मुलग्यांचीच आहे आणि बायकांची विद्या हिणकस मानलेली आहे. तिसऱ्या भागानंतर १८ वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानू’ आली. तिच्यात जुने जग मोडलेले नाही; पहिल्या कादंबरीचा नायक, मांत्रिक गेड, तोच आहे, फक्त त्याची शक्ती आता सरली आहे, आणि कथा सांगितली जाते ती एका शेतकऱ्याची विधवा झालेल्या तेनारच्या घरातून, जिथे आगीत होरपळलेले एक पोर वाढते आहे. आधीच्या पुस्तकांत जे गृहीत होते तेच येथे प्रश्न बनते.

गाळलेल्या मतापेक्षा कंसातले मत लेखकाला महाग पडते, कारण आपली चूक आपल्याच नावावर जन्मभर वाचली जावी हे त्यात पत्करावे लागते. २०१८ साली ले गुइन निवर्तल्या. गेथेनवरचा तो ‘तो’ त्या कादंबरीत अजून आहे आणि त्याच्यावरचा शेराही त्यांच्याच हस्ते नोंदलेला आहे.