शेवट ठाऊक असलेली कथा

ज्या रहस्यपटाचा शेवट आधीच कळला, तो पाहण्यात काय स्वारस्य उरले, असे तरुण मंडळी विचारीत असतात. प्रश्न चित्रपटाचा असला तरी त्याचे उत्तर कीर्तनाने फार पूर्वीच देऊन ठेविले आहे, असे आम्हांस वाटते.

कीचकवधाचे आख्यान घ्या. विराटाच्या पाकशाळेतील बल्लव म्हणजेच भीम, आणि रात्री नृत्यशाळेत कीचकाचा अंत ठरलेला, हे पांढुर्णा-सौंसरकडील पोरासोरांसही ठाऊक असते. तरीही बुवा उत्तररंगास लागले की कोणी जागचे हलत नाही. कीचकाने सैरंध्रीस भर सभेत लाथ मारली, तेव्हा कंकाच्या वेषातील धर्मराजाने भीमास का आवरले? अज्ञातवास उघडा पडता तर पुन्हा बारा वर्षे वनवास! श्रोत्याचा जीव तेथे गुंतलेला असतो. जामसावळीस पहुडलेल्या मारुतीरायाच्या दर्शनास जाणारा भाविकही मूर्ती कशी आहे हे जाणूनच जातो. आणि खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांस शेवटच काय, कीचकाआडचा कर्झनही ठाऊक होता. ठाऊक असलेली गोष्ट निर्जीव असती, तर सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली नसती.

आता ‘दृश्यम’ पाहू. मूळ मल्याळम चित्रपट जितू जोसेफ यांचा, २०१३ चा; हिंदीत तो निशिकांत कामत यांनी २०१५ साली गोव्याच्या भूमीवर उभा केला. शेवट फोडू नये अशी हल्लीची रीत आहे. आम्ही ती येथे पाळू शकत नाही, कारण बोलायचे आहे ते शेवट कळल्यानंतरचेच.

विजय साळगावकर हा केबलचा धंदा करणारा, चौथीही न झालेला गृहस्थ. एक तरुण त्याच्या मुलीस लज्जास्पद चित्रफितीचा धाक घालतो व झटापटीत तिच्या हातून मारला जातो. प्रेत कोठे गेले, या एका कोड्यापाठी आपण पहिल्या वेळी धावत असतो. नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखालीच ते आहे, हे कळताच टाळ्या पडतात.

दुसऱ्या वेळी कोडे नसते, आणि मग मीरा देशमुख दिसू लागते. प्रथम ती केवळ निष्ठुर पोलीस अधिकारी वाटली होती. आता ती मुलाला शोधणारी आई आहे. तो कोठे आहे हे आपण जाणतो, ती जाणत नाही. शेवटी ती पतीसह विजयकडे येते, ती आईबाप म्हणून. विजय अर्ध्यामुर्ध्या शब्दांत क्षमा मागतो. ते शब्द पहिल्या वेळी किती जणांनी नीट ऐकले असतील?

आणखी एक गोष्ट दिसते, ती देवळात बसणाऱ्यांनी विशेष पाहावी. विजयच्या खोट्या साक्षींत अग्रमान आहे तो पणजीच्या सत्संगास! २ ऑक्टोबरला आम्ही सहकुटुंब सत्संगास गेलो होतो, असे तो सांगतो. सत्संगाहून आलेल्या माणसावर सहसा कोणी संशय घेत नाही, हे त्यास पक्के ठाऊक आहे. हा विश्वास त्याचा एकट्याचा नव्हे. तो पिढ्यान् पिढ्या भाविकांनी साठविला; विजय तो लेकीच्या अब्रूसाठी खर्चून टाकतो. सारे प्रेक्षागृह त्याच्या बाजूस असते, आम्हीही असतो. पण खर्च तो खर्चच.

येथे कोणी म्हणेल, द्रौपदीनेही गंधर्वांचे नाव पुढे केलेच होते. केले होते खरे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. म्हणूनच जो बुवा वध रंगवून घाईघाईने आरतीस वळतो, त्याने अर्धेच आख्यान सांगितले असे आम्ही समजतो. कीचक दुष्ट होता, तरी राणी सुदेष्णेचा तो भाऊ होता. आणि मद्य आणण्याच्या निमित्ताने सैरंध्रीस त्याच्या मंदिरी तिनेच धाडले होते. त्या रात्रीनंतर सुदेष्णेच्या महालात काय झाले असेल, हे पुढील कीर्तनाच्या वेळी बुवांस अवश्य विचारावे.