दगडफूल: एक की दोन?

दगडफूल हा एक जीव की दोन, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे तितकाच तत्त्वज्ञानाचाही. वाशीच्या घाऊक मसाला बाजारात ते गोणीने विकले जाते: वरून राखाडी, खालून काळे. कोरडे हुंगले तर वास जेमतेम. तेलात परतल्यावरच गोड्या मसाल्याचा गंध सुटतो. हे फूल नव्हे, वनस्पतीही नव्हे. बुरशीच्या तंतूंत शैवालाच्या पेशी राहतात. शैवाल उन्हावर साखर बनवते, बुरशी ओलावा आणि आसरा देते. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने १८६०च्या दशकात हे मांडले, तेव्हा बुरशीला धनी आणि शैवालाला गुलाम ठरवले. शास्त्रीय नाव आजही बुरशीचेच धरतात. शैवाल जणू कूळ, सातबारा बुरशीच्या नावावर.

प्रयोगशाळेत बुरशी एकटी वाढवली, तर तिचा बेढब गोळा होतो. दगडफुलाचा आकार दोघांपैकी एकाचाही नाही. त्यात २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांना काही दगडफुलांत तिसरा भागीदार, एक यीस्ट, सापडला. पुढे तो सर्वत्र आढळला नाही, पण ‘दोन’ हा आकडाही डळमळला.

दगडफुलातली बुरशी जशी शैवालावर विसंबते, तशी झाडांच्या मुळांत राहणारी बुरशी झाडावर; तिच्यात हे परावलंबन जनुकांतच दिसते. रायझोफॅगस इरेग्युलॅरिस या बुरशीचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेदाम्ले तयार करण्याची मुख्य यंत्रणा त्यात नाही; मेद झाडाकडूनच घ्यावा लागतो. स्कॉटलंडमधल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही वनस्पतींच्या पेशींत अशी बुरशी दिसते. सहजीवनात जनुके मिळवण्याइतकेच गमावणेही घडते.

मराठी वाचकाला इथे अमृतानुभवातले शिवशक्तीचे ऐक्य आठवणे साहजिक आहे. पण हे साम्य फार ताणता येत नाही. अद्वैताच्या मते भेद मुळातच खरा नाही; दगडफुलात मात्र दोन्ही जनुकसंच वेगळेच राहतात. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा विचार अधिक जवळचा वाटतो: कोणतीही वस्तू स्वयंसिद्ध नाही, ती परस्परांवर अवलंबून उभी राहते. दगडफुलाचा एखादा तुकडा तुटून दुसरीकडे रुजला, तर जोडी अखंड जाते. बीजाणूंतून मात्र सहसा एकटी बुरशीच बाहेर पडते, आणि तिला योग्य शैवाल नव्याने गाठावे लागते. ते मिळाले नाही, तर दगडफूल बनत नाही.