राजपुत्राचा इतिहास आणि घरातला इतिहास

मुलांना घरीच इतिहास सांगावा, ही बायबलमधली फार जुनी आज्ञा आहे. अनुवादाच्या पुस्तकात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे, तेही घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. वल्हांडण सणाच्या रात्री पोरे विचारतील, हे कशासाठी. तेव्हा मिसर देशातून झालेल्या सुटकेची हकीकत सांगायची. ७८ वे स्तोत्र याच्याही पुढे जाते. ते जवळजवळ सगळेच इतिहासकथन आहे, आणि हा इतिहास पुढच्या पिढीला सांगण्याचे एक कारण त्यात दिले आहे: मुलांनी आपल्या वाडवडिलांसारखे हट्टी आणि बंडखोर निघू नये. पूर्वजांचा अभिमान वाटावा म्हणून इतिहास शिकवणे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. इथे पूर्वजांची लाज पोरांपुढे उघडी करायची आहे.

ही गोष्ट ख्रिस्ती मंडळीच लवकर विसरली. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन सम्राट ख्रिस्ताकडे वळला, तेव्हा युसेबियस या बिशपला त्याच्या विजयांत देवाचा हात स्वच्छ दिसू लागला. मग ४१० साली गॉथ सैन्याने रोम लुटले. जुने देव सोडले म्हणून ही पाळी आली, असे लोक म्हणू लागले. बिशप ऑगस्टीनने ४१३ च्या सुमारास उत्तर लिहायला घेतले आणि ‘देवाचे नगर’ हा त्याचा २२ भागांचा ग्रंथ ४२६ पर्यंत पुरा झाला. त्याचे सांगणे असे की पृथ्वीवरचे राज्य देव चांगल्यालाही देतो आणि वाइटालाही. लढाई कोण जिंकले यावरून देव कोणाचा, हे ठरत नाही. देवाचे नगर आणि मानवाचे नगर शेवटापर्यंत एकमेकांत मिसळलेलेच राहणार. हा ग्रंथ मुलांसाठी नव्हता. पण मुलांना इतिहास सांगायला बसलेल्या प्रत्येक ख्रिस्ती आईबापाला युसेबियस की ऑगस्टीन, हे ठरवावेच लागते, आणि माझ्या मते ऑगस्टीनचा मार्ग अवघड असला तरी खरा आहे.

पुढे हा प्रश्न खरोखरच एका मुलाच्या अभ्यासाच्या मेजावर आला. १६७० मध्ये बिशप बोस्युए यांची फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या मुलाचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. या शिष्यासाठी त्यांनी लिहिलेला जगाचा इतिहास १६८१ मध्ये छापला गेला. उत्पत्तीपासून शार्लमेन सम्राटापर्यंतचा काळ बारा युगांत बसवलेला. साम्राज्ये उठतात आणि पडतात, पण धर्माचा धागा तुटत नाही. रचना देखणी आहे, भाषा त्याहून देखणी. मात्र तिच्यात हिंदुस्थान आणि चीन जवळपास नाहीतच, यावर व्होल्तेरने नेमके बोट ठेवले. मला त्याहून मोठी उणीव वेगळीच वाटते. ज्या राजाच्या मुलाला शिकवायचे, त्या राजाविषयी गुरूची लेखणी गप्प राहते. १६८५ मध्ये लुईने फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा याच बोस्युएंनी त्याला नवा कॉन्स्टंटाइन म्हटले. शमुवेलाच्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीद राजासमोर उभा राहून त्याचा गुन्हा त्याच्याच पदरात घालतो. व्हर्सायच्या दरबारात नाथान नव्हता. (राजपुत्राचे अभ्यासात फारसे लक्ष नसे, आणि १७११ मध्ये तो वारला तो राजा न होताच. एवढा ग्रंथ, आणि वाचणारा असा!)

राजवाड्यातून सामान्यांच्या घरात हा विचार आणला इंग्लंडच्या शार्लट मेसन यांनी. त्यांचे ‘होम एज्युकेशन’ १८८६ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी पालकांची संघटना उभी राहिली. मुलाला राजांच्या सनावळ्या आणि बोधाच्या गोळ्या देऊ नका, असा त्यांचा आग्रह होता. एखाद्या माणसाच्या, एखाद्या छोट्या काळाच्या गोष्टीत त्याला मनसोक्त रमू द्या, मग ऐकलेले त्याच्या शब्दांत सांगू द्या. मेसनबाई ॲंग्लिकन आणि श्रद्धावान, पण वाचायला देत ग्रीक लेखक प्लुटार्कची चरित्रे. तो ख्रिस्ती नव्हता. फ्लॉरेन्समधल्या एका जुन्या भित्तिचित्रात युक्लिड आणि पायथागोरस यांच्यासारखे पंडित पवित्र आत्म्याच्या छायेखाली बसवले आहेत, त्यावरून त्या म्हणत की सारे ज्ञान देवाकडूनच येते. ‘ख्रिस्ती इतिहास’ आणि ‘बाकीचा इतिहास’ अशा दोन फडताळांची मग गरज उरत नाही.

अमेरिकेत मात्र वारे पुन्हा उलटे फिरले. आधी घरी शिकवण्याची वाट मोकळी झाली. १९२५ च्या पियर्स खटल्यात मूल सरकारी शाळेतच घातले पाहिजे हा ऑरेगनचा कायदा रद्द झाला. १९७२ मध्ये आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांनीही न्यायालयात बाजी मारली. १९९३ पर्यंत घरीच शिकवणे पन्नासही राज्यांत कायदेशीर झाले. या घरांत १९७७ चे मार्शल आणि मॅन्युएल यांचे ‘द लाइट अँड द ग्लोरी’ खूप वाचले गेले. अमेरिका म्हणजे देवाने निवडलेला नवा इस्राएल, असा त्याचा रोख. युसेबियस पुन्हा जिवंत झाला. त्याला उत्तर दिले ते नास्तिकांनी नव्हे. मार्क नोल, नेथन हॅच आणि जॉर्ज मार्सडन या तीन ख्रिस्ती इतिहासकारांनी १९८३ मध्ये पुस्तक लिहून दाखवले की आरंभीची अमेरिका त्या अर्थाने ख्रिस्ती नव्हती.

मराठी ख्रिस्ती घरात हा प्रश्न फार टोकदार होतो. इथे नवा इस्राएल म्हणवून घ्यायला कोणतेच राज्य हाताशी नाही. शाळेत मूल शिवाजी महाराज शिकून येते, रविवारी संडे स्कूलमध्ये पौलाचे प्रवास. मधले सोळाशे-सतराशे वर्षांचे रान आईबापांनीच ओलांडायचे. त्या वाटेवर पहिल्यांदा गोवा लागतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये तिथे आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, मराठी ओवीत. हे सांगताना छाती फुगते. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालू होते, ते १८१२ मध्ये कायमचे उठले. देवळे तर इन्क्विझिशनच्या आधीपासूनच पाडली जात होती. १६८४ मध्ये तर कोकणी बोलण्यावरच बंदीचे फर्मान निघाले. यातले एक सांगून दुसरे गाळले, तर आपण बोस्युएच्या खुर्चीत बसलो. दहा वर्षांच्या मुलाला छळाचे तपशील द्यायला नकोत, पण आपल्या माणसांनी हे केले, एवढे त्याला कळलेच पाहिजे. आणि ‘आपली माणसे’ म्हटल्यावर पोर विचारणारच: आपली म्हणजे कोणती? फर्मान काढणारी, की ज्यांची भाषा बंद केली ती? दोन्ही आपलीच, हे कबूल करायला मोठ्यांनाच जास्त वेळ लागतो.

मला वाटते, अशा वेळी पंडिता रमाबाई हाताशी असाव्यात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या गुरुजनांशी वाद घातला. भटांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटलेली मान त्या दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडाखाली घालायला तयार नव्हत्या. वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनची, दुष्काळात आसरा दिलेल्या बायका-मुलींची गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती घरात सांगतात. वाँटेजची सहसा कोणी सांगत नाही. मुलांना ती आधी सांगावी, दुष्काळाची मागून.