काटकसर कुणाच्या अंगावर?

दसरा सरला की खेड्यातल्या घरात दोन हिशोब एकदमच उभे राहतात. एक रब्बीचा आणि दुसरा थंडीचा. दोन्हींना पैसा लागतो आणि पैसा एकाच कनवटीला असतो. बाजरी-सोयाबीन विकून जे हातात येतं त्यातलं उधारीत किती गेलं ते सांगायला नको. उरलेल्यात दोन एकर गव्हाला ८० किलो बी, १,३५० रुपयांची एकेक डीएपीची गोणी, ट्रॅक्टरवाल्याचं भाडं. एवढं भागल्यावर जे राहतं त्यात घरानं थंडी काढायची. शेत आधी आणि घर मागून, हा आमच्याकडचा शिरस्ता. त्यात गैर काही नाही. गहू नोव्हेंबरच्या मध्याच्या पुढं पेरला तर उतारा घटतो. स्वेटर महिनाभर उशिरा घेतला तर काय घटतं, ते कोणी मोजत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो. म्हण खरी आहे, पण ती एकट्या माणसाची आहे. अंथरुणात एकच माणूस असेल तर त्यानं पाय आखडून घ्यावेत, विषय संपला. आमच्याकडं एका वाकळेखाली तीन-चार माणसं झोपायची. तिथं पाय आखडायचे कुणी? गरिबीतल्या संसाराचा मला हाच प्रश्न सगळ्यात अवघड वाटत आला आहे.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, कमी पावसाचं. १९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या साली बाजरी वीतभर वाढून वाळून गेली. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आई माती वाहायला. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो. पण दुष्काळ पडला म्हणून पौष महिना चुकत नाही. थंडी यायची ती आलीच. एरवी दिवाळीनंतर दुपारच्या उन्हात बाया जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला बसत. त्या वर्षी जुनं लुगडंच निघेना, कारण जे जुनं होतं तेच अंगावर होतं.

घरात माणसं सात. पांघरायला दोन वाकळा आणि धनगराकडून घेतलेलं एक घोंगडं. मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं, अंगाला टोचणारं पण ऊब धरणारं. आजीनं वाटणी केली. घोंगडं वडलांना, कारण त्यांचे हात चालले तर चूल पेटणार. एका वाकळेत आजी आणि धाकटी दोघं. दुसरीत मी, थोरली बहीण आणि कडेला आई. पहाटे जाग यावी तर वाकळ सगळी आमच्या अंगावर ओढलेली आणि आई चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. विचारलं की म्हणायची, "मला न्हाई वाजत थंडी. निजा तुम्ही." सगळं घर ते खरं धरून चाललं होतं.

आजीची वाटणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. सगळ्यांना सारखं द्यावं हे धान्याला ठीक आहे, शेर-अदशेर करून वाटता येतं. वाकळ सात ठिकाणी कापली तर कुणाचंच अंग झाकत नाही. म्हणून ज्याला जास्त गरज त्याला आधी. लेकरू, बाळंतीण, म्हातारं माणूस, आजारी माणूस. गोठ्यातलं वासरूसुद्धा, कारण त्याला मागता येत नाही. धडधाकट माणसानं थोडी कळ काढावी. हे सगळं मला पटतं. फक्त एक गोष्ट पटत नाही. कळ काढणारं माणूस दरवर्षी तेच असायचं, आणि ते कळ काढतंय याची नोंद घरात कुठंच नसायची.

काटकसरीचं आपल्याकडं फार कौतुक आहे. "बाईनं काटकसरीनं संसार केला" असं म्हटलं की पुढं काही विचारायचं राहत नाही. मला मात्र विचारावंसं वाटतं, ती काटकसर कुणाच्या अंगावर झाली? वाचवलेला पैसा आभाळातून पडत नाही. कुणीतरी कमी खाल्लेलं असतं, कुणीतरी कमी पांघरलेलं असतं, नाहीतर कुणीतरी जास्त राबलेलं असतं.

थंडीची तयारी बघा. यातली बरीचशी बिनपैशाची म्हणतात. पाऊस उघडला की गोवऱ्या थापायच्या, वाळल्या की हुडवी रचायची. पऱ्हाट्या, तुरकाठ्या, धसकटं गोळा करून वळचणीला लावायची. माती आणि भुसा कालवून भिंतीच्या भेगा बुजवायच्या. आमची जुनी धाब्याची घरं थंडीत उबदार राहायची, मातीच्या जाड थरातून गारठा आत येत नसे. आता वर पत्रा आला. पत्रा रात्री घरातली ऊब धरत नाही, पहाटे आतल्या अंगाला दव धरतं आणि थेंब अंथरुणावर पडतात. म्हणून पत्र्याखाली बारदानं शिवून बांधायची, गोठ्यालाही बारदानाचा पडदा करायचा. शेगडी पेटती ठेवून बंद खोलीत निजायचं नाही, धुरानं आणि कोंडलेल्या हवेनं माणूस झोपेतच जातं, हे पोरांना दरवर्षी सांगायचं. यात रुपये थोडेच जातात. पण शेणात हात कुणाचे असतात, भारे कुणाच्या डोक्यावर येतात, हेही बघायला पाहिजे. बिनपैशाची ऊब फुकटची नसते.

मागच्या कोजागिरीला आम्ही थंडीसाठी ४,००० रुपये बाजूला काढले. अंगणात अंथरुणं-पांघरुणं उन्हात टाकली होती. माझी बायको सांगत होती आणि मी यादी लिहीत होतो. बारदानं १०, त्याचे ३००. सोलापुरी चादरी दोन, माझी आणि मुलाची, ९००. जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या, एक सुनेची आणि एक नातवंडांची, शिलाई १,२००. नातवाला स्वेटर ३५०. दोघा नातवंडांच्या कानटोप्या आणि मोजे २५०. लाडवाला तीळ, गूळ, डिंक, खारीक यांचे १,०००. बेरीज बरोबर चार हजार आली. अशी बेरीज जुळली की माणसाला बरं वाटतं.

सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, ह्यात तुमचं काय?"

"माझं जुनं आहे की. आन् मला कुठं वाजती थंडी?"

"वाजती. मागच्या पौषात रात्रीच्या दोनदोनदा उठून चुलीपाशी बसत होता. भांडं वाजलं की मला जाग येती."

यादी पुन्हा वाचली. डिंक-खारकेतले ४०० कमी केले, लाडवात घरचे शेंगदाणे वाढवायचे ठरलं आणि त्या ४०० ची बायकोला एक जाड शाल लिहिली. बेरीज तीच राहिली. आधी जी काटकसर एका माणसाच्या अंगावर होती ती आता सगळ्यांच्या जिभेवर थोडी थोडी आली. लाडू काही वाईट झाले नाहीत.

हे मी एकदा पारावर बोललो तर एक जुने गृहस्थ म्हणाले, "असा हिशोब घरात घालायला लागलास तर माया कुठं राहील? आयांनी हिशोब ठेवला असता तर आपण जगलो असतो का?" त्यांचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. घर त्यागावरच उभं असतं. पण ती नवी शाल माझ्या बायकोनं आठ दिवसांत नातवाच्या अंगावर टाकली, तेव्हा मला उत्तर सापडलं. द्यायचं असतं तो माणूस देतोच. मात्र आता ती स्वतःची शाल देत होती. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सकाळी सुनेनं ती घडी करून परत तिच्या उशाशी ठेवली. ज्याच्या नावावर काही लिहिलंच नाही तो देणार काय? त्याच्याकडून आपण घेत राहतो आणि त्याला त्याग म्हणतो.

घराबाहेरही हेच चालतं. गव्हाला पेरणीनंतर अठरा-एकवीस दिवसांनी पहिलं पाणी लागतंच, तेव्हा मुळं फुटत असतात. शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की माझा मुलगा दोन वाजता बॅटरी घेऊन गार पाण्यात उभा राहतो. शहरात कुणी गव्हाचा भाव करताना ती रात्र त्यात धरलेली नसते. आणि माझ्या बांधापलीकडं उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात, बीडकडची, पाथर्डीकडची माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उजाडायच्या आत ती फडात असतात आणि लेकरं पाचटावर, ताडपत्रीखाली निजलेली असतात. आपल्या सगळ्यांच्या चहातली साखर स्वस्त पडते, त्यातला थोडा गारठा त्या पाचटावरचा आहे. मुलाची रात्र मला दिसते कारण तो माझा आहे. त्या लेकरांची दिसायला बांध ओलांडून जावं लागतं.

सगळ्यांना पुरेल एवढी ऊब आमच्या पैशात कधी बसली नाही, पुढंही बसेल असं वाटत नाही. कुणाला तरी कमी पडणारच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ते कुणाला पडतंय हे सगळ्यांना ठाऊक असावं, आणि पुढच्या साली पाळी बदलावी. तुम्ही खेड्यात असा नाहीतर फ्लॅटमध्ये, थंडीच्या तोंडी अंथरुणं उन्हात टाकाल तेव्हा पांघरुणं मोजा आणि माणसं मोजा. यादी करताना जो म्हणेल "मला काही लागत नाही", त्याचं नाव पहिलं लिहा.