दाखला आणि दक्षता

आपली वस्तु आपण वापरावी व तिचे बरेवाईट परिणाम आपणच भोगावे. त्यांत सरकारानें कां पडावें, असा प्रश्न व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी वारंवार विचारतात. अमेरिकेंतील खासगी विमानांचे मालक या प्रश्नाची चांगली कसोटी पाहतात.

तेथें एखाद्यानें स्वतःच्या पैशानें चार आसनांचें विमान घेतलें व तें केवळ हौसेखातर उडविलें, तरी दर १२ महिन्यांनीं त्याची संपूर्ण तपासणी व्हावी लागते. तेल किंवा टायर बदलण्यासारखीं किरकोळ कामें वैमानिक-मालकास करतां येतात. परंतु वार्षिक तपासणीस नुसती मालकी पुरत नाहीं, त्या कामाचा खास अधिकार मिळालेला यंत्रज्ञ लागतो. उड्डाणाच्या वेळीं नोंदणीपत्र, चालविण्याच्या मर्यादा, वजन व समतोल यांचा तक्ता हीं कागदपत्रें जवळ हवींत. उड्डाणयोग्यतेचा दाखला तर उतारूंस किंवा चालकांस वाचतां येईल अशा जागीं लावावयाचा असतो.

हा जाच कशाकरितां? विमानाखालीं कोणाचें तरी घर असतें, आणि शेजारीं बसलेल्या मित्रास इंजिनांतली भेग दिसत नाहीं, हें उत्तर खरें. पण पुरें नव्हे. कारण ओसाड वाळवंटावरून एकटाच उडणाऱ्यासही ही तपासणी चुकत नाहीं. मला वाटतें, खरें कारण मनुष्यस्वभावांत आहे. रविवारची सकाळ आहे, आभाळ निरभ्र आहे, बायकोमुलें डबे घेऊन तयार आहेत. अशा वेळीं इंजिनाखालीं दिसलेला तेलाचा डाग कालचाच असावा, असें मालकास वाटतें. तो कोणास फसवीत नसतो. त्याला जावयाचें असतें, एवढेंच. ज्याला जावयाचें आहे, त्यानें स्वतःच्या खटल्यांत न्यायाधीश होऊं नये.

मग दाखला मिळाला म्हणजे झालें काय? येथें कायदा आपल्या समजुतीपेक्षां शहाणा आहे. नोंदणीपत्रास मुदत असते. २०२३ पासून ती सात वर्षांची आहे. परंतु उड्डाणयोग्यतेच्या सर्वसाधारण दाखल्यावर अखेरची तारीखच नसते. देखभाल नियमाप्रमाणें चालू आहे तोंवर तो जिवंत; ती सुटली कीं भिंतीवर असूनही तो मेलेला. मालकी ही नोंदीची बाब आहे, योग्यता ही वर्तनाची. शिवाय विमान योग्य स्थितींत ठेवण्याची मुख्य जबाबदारी कायद्यानें तपासनिसावर नव्हे, तर मालकावर किंवा चालविणाऱ्यावर टाकली आहे. तपासनिसाची सही त्या दिवसापुरती साक्ष देते. उरलेल्या ३६४ दिवसांस मालकाच्या मनाखेरीज साक्षीदार नसतो.

म्हणून बाहेरचा डोळा आणि आंतला डोळा यांत निवड करण्याचा प्रसंगच नाहीं. पहिला नसेल, तर दुसऱ्यास इच्छेची झांपड येते. दुसरा नसेल, तर पहिल्याची सही हा केवळ शाईचा डाग उरतो.

कोणी मला अशा विमानांत बसावयास बोलाविलें, तर मी दाखला वाचीनच. परंतु माझा पूर्ण विश्वास त्या मालकावर बसेल, जो एखाद्या निरभ्र रविवारीं, सारीं मंडळी तयार असतांना, तेलाच्या डागापाशीं वांकून पाहील आणि म्हणेल, “आज नको.”