नव्या टॅबमध्ये काय जाते?

टॅब्लेट बदलला, की थोड्याच वेळात नव्या पडद्यावर जुनीच मांडणी उमटते. तोच वॉलपेपर, अ‍ॅप्सचा तोच क्रम, अर्धवट राहिलेली तीच टिपणे. हातातली वस्तू सर्वस्वी वेगळी असूनही ती परकी वाटत नाही. एक देह सुटून दुसरा मिळतो तेव्हा एकातून दुसऱ्यात काही जाते का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. टॅबच्या बाबतीत तो तपासणे सोपे आहे, कारण इथे काय घडते याचा तपशील माणसानेच आखलेला आहे.

उदाहरणासाठी आयपॅड घेता येईल. आयपॅड एअर २ हे २०१४ चे मॉडेल. २०२२ मध्ये आलेली आयपॅडओएस १६ ही प्रणाली त्यावर चालत नाही. यंत्र धडधाकट असते, पण एकेक अ‍ॅप साथ सोडू लागते आणि मालक त्याच कंपनीच्या स्वस्तातल्या मॉडेलकडे, समजा २०२१ च्या नवव्या पिढीच्या आयपॅडकडे वळतो. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली, की नव्याच्या पडद्यावर निळ्या ठिपक्यांचा घुमणारा पुंजका दिसतो. जुन्याच्या कॅमेऱ्याने तो टिपला, की माहिती जाऊ लागते.

अशा वेळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त चटकन आठवतो. तो इथे लागू पडतो, पण वाटतो तिथे नाही. वस्त्र टाकणारा आणि नवे नेसणारा देही, म्हणजे देहातला आत्मा असतो. टॅबच्या बाबतीत ती जागा वापरणाऱ्या माणसाची आहे, आतल्या फोटोंची किंवा टिपणांची नव्हे. फोटो, टिपणे हाही वस्त्राचाच भाग. नवे वस्त्र अधिक चांगले असेल, असेही गीता म्हणत नाही. एअर २ चे वजन ४३७ ग्रॅम आणि जाडी ६.१ मिलिमीटर, तर नवव्या पिढीचा आयपॅड ४८७ ग्रॅमचा आणि ७.५ मिलिमीटर जाड. जुन्याची काच पडद्याला चिकटलेली, तिच्यावर चकाकी कमी करणारा लेप. नव्यात काच आणि पडदा यांच्यामध्ये फट आहे, त्यामुळे बोट टेकवले की किंचित पोकळ लागते. प्रोसेसर मात्र कितीतरी वेगवान. नवा देह कसा मिळावा हे कर्मसिद्धान्तात पूर्वकर्मावर ठरते. इथे बहुधा खिशावर.

आता जे ‘जाते’ त्याकडे पाहू. खरे तर ते जात नाही. त्याची प्रत निघते. काम संपल्यावर प्रत्येक फोटो जुन्या टॅबमध्येही जागच्या जागी असतो. या घटनेचे अचूक वर्णन ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात सापडते. नित्य आत्मा न मानता पुनर्जन्म कसा मानता, असे ग्रीक राजा मिलिंद विचारतो. भिक्खू नागसेन त्याला दिव्यावरून लावलेल्या दिव्याचे आणि गुरूकडून शिकलेल्या श्लोकाचे उदाहरण देतो. शिष्याला श्लोक येऊ लागला म्हणून तो गुरूमधून निघून जात नाही. मग आधीच्याचे देणे पुढच्याने का फेडावे? यावर नागसेनाकडे आंबेचोराचे उदाहरण आहे. चोरलेले आंबे म्हणजे मालकाने पेरलेले आंबे नव्हेत, तरी चोर सुटत नाही, कारण हे आंबे त्यांपासूनच झालेले असतात. संक्रमण नाही, पण कारणपरंपरा अखंड आहे. माहितीच्या बाबतीत हे उत्तर वस्त्राच्या दृष्टान्ताहून सरस ठरते.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, इतक्यावर गप्प बसणारे नाहीत. काल पाहिले तेच आज स्पर्शाने ओळखणारा कोणीतरी एकच असला पाहिजे, हा त्यांचा आत्म्यासाठीचा प्रमुख युक्तिवाद. दोन क्षणांतल्या सारखेपणामुळे ते एकच असल्याचा भास होतो, असे बौद्ध म्हणतात. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य या वादात नेमका भेद करतात. बाहेरच्या वस्तूबद्दल ‘ही तीच की तिच्यासारखी’ असा संशय येऊ शकतो, पण जाणणाऱ्याला स्वतःबद्दल तसा संशय कधी येत नाही. टॅबला हा भेद तंतोतंत लागू होतो. नवा टॅब जुन्यासारखा आहे, तोच नाही. ‘तोच’पणा ओळखणाऱ्याकडे आहे.

पाश्चात्त्य विचारात जॉन लॉकने व्यक्तीची ओळख जाणिवेच्या आणि स्मृतीच्या सातत्यावर उभी केली. प्रत काढता येते म्हटल्यावर ती बाजू डळमळते. दोन टॅब शेजारी, दोघांतही तीच स्मृती. दोन्ही ‘तोच’ असू शकत नाहीत. डेरेक पारफिटने १९८४ मध्ये माणसाची प्रत काढणारे काल्पनिक यंत्र मांडून म्हटले, की महत्त्व सातत्याला आहे, ‘तोच’ असण्याला नाही. टॅबबद्दल हे कोणीही विनातक्रार मान्य करील. स्वतःबद्दल मान्य करणे जड जाते, आणि शंकराचार्यांचा मुद्दा तिथे अजून उभा आहे.

काही गोष्टींची प्रतही निघत नाही. बोटाचा ठसा नव्या टॅबवर पुन्हा नोंदवावा लागतो. प्रत्येक आयपॅडच्या चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त किल्ली कोरलेली असते. ती बाहेर वाचता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही. टॅबचे म्हणून जे खास, ते त्याच्या देहातच राहते; देहापलीकडे आत्मा न मानणाऱ्या चार्वाकांना हे आवडले असते. जुना टॅब कोणाला देण्यापूर्वी ‘सर्व मजकूर पुसा’ हा पर्याय निवडला, की साठवलेला सगळा मजकूर एकेक करून खोडला जात नाही. तो उलगडायला लागणाऱ्या किल्ल्या नष्ट होतात आणि उरते ते कोणालाच वाचता येत नाही. यानंतर हाती राहतो तो टॅब जैन परिभाषेत तेच द्रव्य, फक्त पर्याय, म्हणजे अवस्था, बदललेला. त्यामुळे पुढच्या मालकाने त्यात स्वतःचे खाते उघडले, तरी वस्तू म्हणून तो २०१४ चाच आयपॅड असतो.